काळ्या समुद्राची वाळू पांढरी उमटते

एप्रिलच्या दुपारी कौलारू घराच्या माजघरात आडवं पडलं की जमिनीवर कवडसे दिसतात. कौलांमधली फट तिरपी असो की त्रिकोणी, खाली पडणारा कवडसा गोलच असतो. कारण तो फटीचा आकार नव्हे, सूर्याचं चित्र असतं. खंडग्रास ग्रहण लागलं की हेच कवडसे कोरीसारखे होतात. म्हणजे कोकणातल्या जुन्या घराला आयताच कॅमेरा मिळालेला आहे. मला आज नेमकं उलटं सांगायचंय. हे कवडसे बुजवा, कॅमेरा कपाटात ठेवा आणि फोटोच्या कागदावर वस्तू थेट ठेवून तिचं चित्र काढा. या चित्राला फोटोग्राम म्हणतात.

करायचं इतकंच: अंधारात ब्रोमाइड पेपर टेबलावर ठेवायचा, त्यावर नेच्याचं पान ठेवायचं, वरून क्षणभर दिवा लावायचा, पान उचलायचं आणि कागद डेव्हलपरमध्ये सोडायचा. उजेड पडला तिथे कागद काळा होतो, पानाने अडवला तिथे पांढरा राहतो. हातावरचं घड्याळ काढल्यावर दिसणारा फिकट पट्टा हे याचंच भावंड. दहा वर्षं एकाच खिळ्याला कालनिर्णय लटकवलेल्या भिंतीवरचा चौकोनसुद्धा.

ही युक्ती कॅमेऱ्याच्या फोटोइतकीच जुनी. इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बटने १८३४ च्या सुमारास पानं आणि लेस कागदावर ठेवून अशी चित्रं काढायला सुरुवात केली. १८४३ पासून ॲना ॲटकिन्सने समुद्री शेवाळांची निळी चित्रं याच पद्धतीने काढून त्यांचं पुस्तक केलं. १८९५ च्या डिसेंबरात राँटजेनने बायकोच्या हाताचं जे चित्र घेतलं, तेही सावलीच. उजेडाच्या जागी क्ष-किरण. त्यामुळे ‘मी कधी फोटोग्राम पाहिला नाही’ असं कुणी म्हटलं की मी विचारतो, घरात कुणाचं हाड कधी मोडलं नव्हतं का? पुढे १९२२ मध्ये पॅरिसमध्ये मॅन रे आणि जर्मनीत मोहोली-नॉज यांनी याच सावल्यांची कला केली. आपल्याकडे मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली. डॉ. भाऊ दाजींचे भाऊ डॉ. नारायण दाजी तिथल्या पहिल्या पिढीतले छायाचित्रकार. त्या पिढीला काच नि कागद स्वतःच्या हाताने रसायन लावून तयार करावे लागत. आपल्याला पाकीट फोडायचं आहे, तेवढं सुख पुष्कळ.

आधी अंधार

खोली निवडताना पाण्याचा विचार आधी करा, अंधाराचा नंतर. अंधार रात्री फुकट मिळतो. माजघर दिवसाही काळोखं असतं म्हणून मोह होतो, पण तिथे मोरी नसते, आणि ओले हात घेऊन उंबरठे ओलांडताना अर्धा डेव्हलपर जमिनीवर जातो. मी जुन्या न्हाणीघरात काम करतो. फरशी धुता येते, नळ आहे, आणि खिडकी एकच, तीही लहान. खिडकीला काळा कागद, त्यावर घोंगडी. दाराच्या खालच्या फटीला गुंडाळलेली गोधडी.

अंधार पुरेसा आहे की नाही हे आत गेल्या गेल्या कळत नाही. दार लावून दहा मिनिटं नुसते बसा. डोळे सरावल्यावर उजेड शिरताना दिसायला लागतो: कडीच्या भोकातून, पत्र्याच्या सांध्यातून, इन्व्हर्टरच्या हिरव्या ठिपक्यातून. डोळ्यांसमोर धरलेला पंजा दिसला नाही म्हणजे झालं. मोबाइल बाहेर ठेवा. आत हवाच असेल तर एअरप्लेन मोडवर आणि पालथा. माझा एक चांगला जमलेला फोटोग्राम रात्री साडेदहाला आलेल्या ‘शुभ रात्री’ने खाल्ला आहे.

काम करताना दिसावं म्हणून लावायच्या लाल दिव्याची फसवणूक सगळ्यांत वाईट. मी सुरुवातीला गणपतीच्या आरासीतला लाल बल्ब लावला होता. डोळ्याला तो मस्त लाल दिसत होता. पण त्याचा रंग वरून मारलेला, टोकाशी उडालेला, आणि तेवढ्यातून निसटणारा पांढरा उजेड कागदाला पुरला. महिनाभर माझे पांढरे भाग राखाडी येत होते आणि मी दोष डेव्हलपरला देत होतो. तेव्हा नाण्याची परीक्षा पहिल्याच दिवशी करा. कागदाच्या तुकड्याला आधी दिव्याचा इतका कमी उजेड द्या की डेव्हलप केल्यावर तो फिका राखाडी येईल. तसा तुकडा लाल दिव्याखाली टेबलावर ठेवा, वर एक रुपयाचं नाणं ठेवा, पाच मिनिटं थांबा, मग डेव्हलप करा. नाण्याचा गोल दिसला तर दिवा कामाचा नाही. नाही दिसला तर पाच मिनिटं तुमची. दिवा टेबलापासून चार फुटांवर तरी हवा.

पाणी, बर्फ आणि डेव्हलपर

फोटोग्राफीची बहुतेक पुस्तकं थंड देशांत लिहिली गेली. ‘२० अंश तापमान ठेवा’ असं ती सहज सांगून जातात. रत्नागिरीत मे महिन्यात गच्चीवरच्या टाकीचं पाणी अंघोळीला तापवावं लागत नाही. अशा पाण्यात डेव्हलपर केला की चित्र पाच सेकंदांत धावत येतं, एका बाजूला काळं, दुसऱ्या बाजूला अर्धवट, आणि तुम्ही घाबरून कागद ओढता. शिवाय कागदावरचा जिलेटिनचा थर गरम पाण्यात फुगतो. नख लागलं की खरवडून येतो.

उपाय मिरकरवाड्यावर आहे. जिथे मासळी उतरते तिथे बर्फ असतोच. मासेवालीकडून पिशवीभर चुरा आणायचा. तो डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, त्याने औषध पातळ होतं. डेव्हलपरचा ट्रे एका मोठ्या परातीत ठेवायचा आणि परातीत बर्फपाणी घालायचं. थर्मामीटर २० ते २४ च्या मध्ये आला की पुरे. बर्फ आणणं जमलं नाही तर रात्रभर माठात ठेवलेलं पाणी वापरा आणि डेव्हलपर नेहमीपेक्षा पातळ करा. पावसाळ्यात नळाचं पाणी जांभ्याचा लाल गाळ घेऊन येतं. ते चार पदरी फडक्यातून गाळून घ्या, नाहीतर गाळाचे कण ओल्या कागदावर बसतात.

तयार डेव्हलपर मिळाला तर उत्तम. मिळत नसेल तर डी-७२ हे जुनं, खात्रीचं सूत्र घरी करता येतं. ५०० मिली कोमट पाण्यात (५० अंशांच्या आसपास) मेटॉल ३ ग्रॅम, सोडियम सल्फाइट ४५ ग्रॅम, हायड्रोक्विनोन १२ ग्रॅम, निर्जल सोडियम कार्बोनेट ६७.५ ग्रॅम आणि पोटॅशियम ब्रोमाइड २ ग्रॅम, याच क्रमाने, आधीचं पूर्ण विरघळल्याशिवाय पुढचं न टाकता. मग पाणी घालून एक लिटर करा. सल्फाइटच्या दाट पाण्यात मेटॉल विरघळत नाही, म्हणून ते आधी. फक्त त्याच्याही आधी सल्फाइटची एक चिमूट टाका, म्हणजे मेटॉल हवेने काळवंडत नाही. वापरताना एक भाग औषधाला दोन भाग पाणी. उन्हाळ्यात बर्फ नसेल तर मी चार भागांपर्यंत जातो. मेटॉलने काहींच्या हाताला पुरळ येतं आणि एकदा आलं की पुन्हा पुन्हा येतं. हातमोजे घाला, पंखा सुरू ठेवा. आणि यातलं एकही भांडं परत स्वयंपाकघरात जाता कामा नये, मग ते कितीही घासा.

दुसरा ट्रे डेव्हलपरचं काम थांबवणाऱ्या स्टॉप बाथचा. बाजारातलं पांढरं व्हिनेगर एक भाग, पाणी तीन भाग. तिसरा चित्र पक्कं करणाऱ्या हायपोचा (सोडियम थायोसल्फेट): एक लिटर पाण्यात २५० ग्रॅम. हायपोचे खडे विरघळताना पाणी आपोआप गार होतं, भांड्याला हात लावून पाहा. कोकणच्या उन्हाळ्यात रसायनशास्त्राने केलेली ही एकमेव मेहरबानी. हायपोत वीसेक ग्रॅम सल्फाइटही टाका. नाहीतर आधीच्या ट्रेतून आलेल्या आंबटपणाने दूध नासावं तसा तो नासतो आणि पांढरा गढूळ होतो. चौथ्या बादलीत स्वच्छ पाणी.

प्रत्येक ट्रेला वेगळा चिमटा. हे वाक्य मी दोनदा लिहायला हवं. हायपोचं बोट कोऱ्या कागदाला लागलं की तिथे डेव्हलपर काम करत नाही आणि चित्रात तुमच्या बोटाचा पांढरा ठसा येतो. नवख्यांच्या फोटोग्रामवर जे गूढ डाग दिसतात, त्यातले निम्मे हेच.

कागदाला काय दिसतं

फोटोग्राम बिघडतो तो बहुधा वस्तू निवडताना. आपण सुंदर वस्तू निवडतो, आणि सौंदर्य कागदाला दिसत नाही. त्याला एकच कळतं: माझ्यापर्यंत उजेड आला की नाही. तोही सगळा उजेड नव्हे. ब्रोमाइड पेपर निळ्या उजेडाला जागा होतो. मल्टिग्रेड कागद निळ्याबरोबर हिरव्यालाही. लाल त्याला दिसत नाही, म्हणून तर लाल दिव्याखाली आपल्याला काम करता येतं.

हे समजण्यासाठी बांगड्यांचा प्रयोग करा. एकाच जाडीच्या तीन काचेच्या बांगड्या घ्या: लाल, हिरवी, निळी. तिन्ही आरपार दिसणाऱ्या. शेजारी शेजारी ठेवून फोटोग्राम काढा. लाल बांगडी जणू लोखंडाची असावी तशी पांढरी उमटते. निळी विरून जाते, तिचा काठ तेवढा राहतो. हिरवी मधेच कुठेतरी, आणि मल्टिग्रेडवर जरा जास्त काळपट. मग काचेच्या पेल्यात कोकमाचं आगळ ओता आणि पेला कागदावर ठेवा. आपल्या डोळ्याला ते लालभडक, पारदर्शक. कागदाच्या लेखी पेल्यात डांबर भरलंय. आंब्याची तांबूस कोवळी पालवी याच कारणाने, इतकी नाजूक असून, जून पानासारखी ठोकळ उमटते. शिरा दिसतील म्हणून मी दोन पावसाळे तिच्या मागे होतो.

रत्नागिरीतल्या मांडवीची वाळू काळी, म्हणून तो काळा समुद्र. मिऱ्याच्या बाजूला गेलं की पांढरा समुद्र, वाळूही पांढरी. दोन्हीकडची चिमूट चिमूट आणून मी एकाच कागदावर शेजारी पसरली. मांडवीची वाळू जड खनिजांची, लोहचुंबक फिरवला तर काही कण त्याला चिकटतात. उजेड तिच्यातून जात नाही. ती शुभ्र ठिपक्यांत उमटली. पांढऱ्या वाळूतले शिंपल्यांचे तुकडे पांढरे आले, पण काचेसारखे कण राखाडी झाले, काही तर नाहीसेच. म्हणजे चित्रात जास्त पांढरा काळा समुद्र. वस्तू हातात घेताना तिचा रंग विसरून ती खिडकीकडे धरून पाहायची सवय लावा. शक्य तर निळ्या जिलेटिन पेपरमधून पाहा, नाटकाच्या लाइटवाल्याकडे त्याचा तुकडा मिळतो. त्यातून जे काळं दिसेल ते कागदावर पांढरं.

मग सगळ्यांत समृद्ध वस्तू कोणती? माझ्या मते, जिच्यात जाड-पातळ दोन्ही आहे ती. फणसाचं पान दिसायला देखणं, पण ते चामड्यासारखं. बाह्याकृतीपलीकडे काही देत नाही. पिंपळपान वहीत जपून किंवा पाण्यात कुजवून जाळी केलेलं असेल तर एकेक शीर येते. पावसाळ्यात गडग्यावर उगवणारे नेचे, वाळवून सपाट केलेले. बांगड्याचा काटा: उकडून, मांस काढून, उन्हात वाळवलेला. (वाळवताना ताट मांजरापासून सांभाळा, मी एक अख्खं प्रदर्शन असं गमावलंय.) कोळंबीची साल दिव्याखाली काचेच्या कागदासारखी वागते आणि तिच्या मिश्या केसाएवढ्या रेघेत येतात. कांद्याची पातळ चकती, काजूच्या बोंडाचा काप, पागाचा एक कोपरा, बर्फाचा खडा.

आणि शेवाळ. पाऊस संपला की मार्चपर्यंत खडपांवर शेवाळांची बहार असते. ओहोटीला वाहून आलेलीच घ्या, खडपावरची उपटू नका. उल्वा नावाचं हिरवं, पानासारखं शेवाळ अवघं दोन पेशी जाड असतं. ते काचेवर पसरून त्यातून उजेड सोडला की सगळं पातं हलकं राखाडी येतं, आणि जिथे त्याची घडी पडली असेल तिथे राखाडी एक पायरी उजळ होतो, तीन पदर झाले तर आणखी एक. पदर मोजता येतात. ॲटकिन्सने हे काम निळ्या छपाईत केलं होतं. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरच्या शेवाळांचा असा संच कुणी मनावर घेऊन केला तर कॉलेजच्या वनस्पतिशास्त्र विभागालाही उपयोगी पडेल.

ओली वस्तू थेट कागदावर ठेवायची नाही. खारं पाणी, माशाचा चिकटा, फळाचा रस यांनी कागदावर डाग पडतात. मधे स्वच्छ काच किंवा पारदर्शक प्लास्टिक घ्या. काचेचा आणखी एक फायदा आहे. लाल दिव्याखाली तुमच्याकडे चार-पाच मिनिटं असतात, आणि तेवढ्या वेळात काट्याचं शेपूट नीट करताना हात थरथरतो. म्हणून मांडणी बाहेर, लख्ख उजेडात, काचेवर निवांत करा. मग अंधारात जाऊन काच अलगद कागदावर ठेवा.

दिवा किती, कुठून

निगेटिव्ह मोठं करून छापायचा एन्लार्जर असेल तर तोच दिवा म्हणून वापरा. लेन्स एफ ८ वर, डोकं इतकं वर की उजेडाचा चौकोन कागदापेक्षा मोठा पडेल. नसेल तर झिरोचा बल्ब कागदाच्या चार फूट वर टांगा, बटण हाताशी. किंवा मोबाइलचा टॉर्च, त्यावर सुईने भोक पाडलेला अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा तुकडा.

या तिन्हींत फरक आहे आणि तो कळायला पिंगुळीला जावं. कुडाळजवळच्या या गावातले ठाकर कलाकार चामड्याच्या बाहुल्यांचा सावल्यांचा खेळ करतात. ही कला जपल्याबद्दल परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. बाहुली पडद्याला टेकली की तिची सावली कोरीव, मागे नेली की मोठी आणि मऊ. फोटोग्रामलाही हाच नियम. कागदाला टेकलेला भाग रेखीव, वर उचललेला धूसर. दिवा जितका लहान ठिपक्याएवढा, तितकी उचललेल्या भागाचीही कड धारदार; दिवा पसरट, तर कड विरघळते. सुईच्या भोकातला टॉर्च कोळंबीच्या उभ्या मिश्याही पकडतो. दुधाळ बल्ब फक्त टेकलेलं पकडतो. दोन्ही हवेसे असतात, फक्त कुठला कशाला हे आधी ठरलेलं हवं.

वेळ काढायला टेस्ट स्ट्रिप. दोन इंच रुंद पट्टी कापा, पुठ्ठ्याने झाका, एकेक भाग उघडत न्या. एन्लार्जरला दोन-दोन सेकंदांच्या पायऱ्या, झिरोच्या बल्बला एकेक. डेव्हलप करून पायऱ्या पाहा. काळेपणा वाढत वाढत एका ठिकाणी थांबतो. त्यापुढे कितीही सेकंद दिले तरी अधिक काळं होत नाही. जिथे तो थांबला, ती पहिली पायरी तुमची वेळ. त्याहून जास्त दिलंत तर पार्श्वभूमी तेवढीच राहते, पण उजेड वस्तूच्या कडांत शिरून बारीक तपशील खाऊन टाकतो. उल्वासारख्या पातळ वस्तूला मात्र वस्तूवरच टेस्ट स्ट्रिप काढा आणि तिचा राखाडी तुम्हाला आवडेल तिथे थांबा. पार्श्वभूमी किंचित कमी काळी राहिली तर राहू द्या.

कागदाची बाजू ओळखायची युक्ती जुन्या स्टुडिओवाल्यांची: कोपऱ्याला ओठ लावा, जी बाजू चिकटेल ती रसायनाची. कोपरा नंतर कापायचा असतो.

आता डेव्हलपर. कागद एका झोक्यात बुडवा, ट्रे एका कोपऱ्याने हलकासा हलवत राहा. पंधरा-वीस सेकंदांत पहिली सावली येते. इथे नवखा माणूस ‘आलं, आलं’ म्हणून कागद उचलतो. उचलू नका. आरसी कागदाला (प्लास्टिकचा थर दिलेल्या) पूर्ण मिनिट, फायबरला (साध्या कागदी पायाच्या) दीड ते दोन मिनिटं. लाल उजेडात चित्र नेहमी जास्त काळं वाटतं. मग अर्धा मिनिट स्टॉप बाथ, मग हायपो. साध्या हायपोत आरसीला पाच मिनिटं, फायबरला दहा. हायपोत दोन मिनिटं झाली की पांढरा दिवा लावायला हरकत नाही. धुताना आरसी चार मिनिटांत सुटतो. फायबरला तासभर पाणी बदलत राहावं लागतं, त्यामुळे विहीर आटलेली असताना फायबरच्या भानगडीत पडू नये. जुलैत तर नकोच. तो दोन-दोन दिवस वाळत नाही आणि वाळतो तेव्हा त्यावर बुरशी असते. आरसी काचेवर ठेवून पाणी निपटा, तारेला चिमटा लावून पंख्याखाली टांगा.

कोऱ्या कागदाचं पाकीट पावसाळ्यात स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत. फ्रिजमध्ये ठेवत असाल तर डबा बाहेर काढल्यावर दोन तास उघडू नका. गार कागदावर दमट हवेचे थेंब लगेच बसतात.

बिघडलेल्या कागदाचं काय करायचं

बंद पडलेल्या स्टुडिओच्या माळ्यावर अजूनही कधी कधी ‘इंदू’ छापाची पाकिटं निघतात. उटकमंडच्या हिंदुस्तान फोटो फिल्म्सचा हा कागद एकेकाळी देशभरच्या स्टुडिओंत चालायचा. आता तो डेव्हलपरमध्ये टाकला की सगळाच राखाडी होतो. फेकू नका. त्यावर लुमेन प्रिंट काढा, त्याला अंधारही लागत नाही. दिवसाउजेडी कागदावर ताजं पान ठेवा, वर काच, आणि अंगणात ठेवून द्या. आपल्या उन्हात अर्धा तासही पुरतो. कागद गुलाबी, जांभळा, विटकरी होत जातो, आणि पानातलं पाणी वाफ होऊन काचेखाली पसरतं त्याचे डागही चित्रात येतात. डेव्हलपर अजिबात नाही. थेट हायपो, मग पाणी. हायपोत रंग बराच उतरतो, त्यामुळे आधी मोबाइलने फोटो काढून ठेवा, नंतर हळहळ नको.

वापरलेल्या हायपोत चांदी विरघळलेली असते. तो विहिरीजवळ, माडाच्या आळ्यात किंवा पऱ्ह्यात ओतायचा नाही. कॅनमध्ये साठवा. भांडी घासायची लोखंडी तारेची घासणी त्यात टाकून काही दिवस ठेवली की चांदी काळा गाळ होऊन तळाशी बसते. जुन्या एक्स-रे फिल्म विकत घेणाऱ्यांकडे हा गाळ देता येतो, विचारून पाहा.

मागच्या बाजूला पेन्सिलने तारीख, दिवा, उंची, सेकंद आणि वस्तू कुठली ते लिहा. फोटोग्रामला निगेटिव्ह नसतं. तोच कागद, तीच एक प्रत. तशीच दुसरी हवी असेल तर सगळी मांडणी पुन्हा करावी लागते, आणि बर्फाचा खडा तोवर वितळलेला असतो.

उलटी प्रत मात्र निघते. वाळलेला फोटोग्राम कोऱ्या कागदावर तोंडाला तोंड लावून ठेवा, वर जड काच दाबा आणि पाठीमागून उजेड द्या. उजेडाला एक अख्खा कागद ओलांडून जायचं असतं, म्हणून नेहमीच्या चार-पाचपट वेळेपासून टेस्ट स्ट्रिप सुरू करा. पाठीवर कंपनीचं नाव छापलेलं असेल तर तेही चित्रात येतं, तेव्हा कोरी पाठ असलेला कागद निवडा. पेन्सिलचा मजकूरही अशा वेळी आधी खोडा किंवा कडेला घ्या. आता पांढरं होतं ते काळं होतं. मी वाळूच्या फोटोग्रामची अशी प्रत काढली. मांडवीची वाळू पुन्हा आपल्या मूळ रंगावर आली. मिऱ्याच्या वाळूतले शिंपलेही तिथे काळेच आले.